पाठ माझी, पोट तुझं

अवं, ऐकता का? तुमची गिटार मी खरवडली.

विचारलं नाही, हे कबूल. पण विचारायला तुम्ही घरात नाही. आणि पहिल्यांदा तिच्यावर रंग फासला तेव्हा तुम्ही नुसते वेशीपर्यंत गेला होतात, तरी मी कुठं विचारलं होतं?

तुम्हाला जाऊन महिना उलटला. तेरावं झालं, लेकरं आपापल्या कामावर परतली, मागून आणलेली पातेली ज्याची त्याला गेली. तुमचा मोबाईल मी बंद केलेला नाही. त्यावर अजून गिऱ्हाईकांचे फोन येतात. "मामा, विहिरीवरची मोटार जळाली. कधी आणू?" मी म्हणते, "अरे, मामाच गेले."  पलीकडून हळूच आवाज येतो, "मग मोटार?" परवा असंच झालं आणि फोन ठेवून मी इतकी हसले की शेजारची गयाबाई धावत आली. तिला वाटलं मी रडतेय. तिचं फारसं चुकलं नव्हतं. केजच्या तुमच्या दुकानात अर्धी तार भरलेल्या दोन मोटारी आहेत. त्या तशाच राहिल्यात. ज्यांच्या आहेत ते न्यायला येत नाहीत, आणि मी बोलावत नाही.

गिटार मात्र घरातच, समोरच्या खोलीत, मीटरच्या बोर्डाशेजारी. सकाळी खुर्चीत बसलं की ती थेट समोर यायची. पोपटी पोट, आणि मानेच्या दोन्ही अंगांनी पुढं आलेली ती दोन टोकं. विजेच्या गिटारीला असतात तशी, अगदी शिंगांसारखी. वर्षानुवर्षांच्या रंगानं ती टोकं मक्याच्या कणसासारखी जाड झाली होती. सगळ्यात वरचा थर गेल्या पोळ्याचा, केशरी. तो देताना माझा हात थरथरत होता आणि तुम्ही म्हणालात, "थरथरू दे. बैल हलला असं समजतील लोक."

लोकांना काय, लोकांना गोष्ट पाठच आहे. नव्या सुनेनं पोळ्याला बैलांची शिंगं रंगवता रंगवता नवऱ्याची गिटारसुद्धा रंगवून टाकली, कारण तिलाही शिंगं होती. भोळी पोर! पुढं मी शिक्षिका झाले, तीस वर्षं पोरांना फळ्यापुढं उभं केलं, तरी मागच्या बाकावरून कुजबुज यायचीच, "ह्याच त्या बाई. गिटारीला बैल समजलेल्या." एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनीही चहा पिता पिता विचारलं, "ते खरं का हो, बाई?" मी पदर तोंडाला लावून हसले. भोळं ठरणं लई सोयीचं असतं. भोळ्या माणसाला कुणी 'कावून केलंस?' असं विचारत नाही.

मी भोळी नव्हते. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. आज सांगते.

मी होते एकोणीस वर्षांची. मॅट्रिक पास. गावातल्या सगळ्यांपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं समजणारी. केसांची एक बट मुद्दाम कपाळावर काढायची आणि सासूबाई दिसल्या की ती मागं सारायची, एवढीच काय ती माझी बंडखोरी. तुम्ही दिवसा केजला मोटारींच्या वाइंडिंगचं काम शिकत होता आणि लग्नसराईत, गणपतीत अंबाजोगाईच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत होता. गिटार तुम्ही हैदराबादच्या एका वादकाकडून जुनीच घेतलेली, जपानी. तिचा रंग मी पहिल्यांदा पाहिला तो दिवस आठवतो? मधोमध पिवळी, मधासारखी, आणि कडेला जाता जाता तपकिरी, मग काळी. मी म्हटलं, "ही भाकरी कडंनं करपली हाय." तुम्ही म्हणालात, "तशीच असती ती." मी म्हटलं, "मग माझ्या भाकरीला कावून नावं ठेवता?" तुम्ही हसलात, आणि माझी खोबरेल तेलाची बाटली उचलून तिला तेल लावत बसलात. दर आठवड्याला. माझ्या डोक्याला पुरायचं नाही आणि गिटार चकचकीत. त्यावरून आपलं पहिलं भांडण झालं. तुमचं म्हणणं, ती सागासारख्या लाकडाची हाय, तिला तेल लागतं. माझं म्हणणं, मी काय बाभळीची हाय का?

मग तो निरोप आला. हैदराबादच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्रा पार्टीला गिटारवाला हवा होता. कायमचा. तुमचे दोस्त अजीजभाई तुमच्याच ऑर्केस्ट्रात कोंगो ढोल वाजवायचे आणि दिवसा अंबाजोगाईत पेट्या-तबले दुरुस्त करायचे. निरोप त्यांनीच आणला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तुम्ही निघायचं ठरलं. घरात सगळे खुशीत. मीही खुशीत असल्यासारखी.

माझा बाप सुरतेला कामाला म्हणून गेला, त्यानं आईला एक पत्र आणि मला एक रिबीन पाठवली आणि तिथून पुढं काही आलं नाही. हे तुम्हाला माहीत होतं. त्यात माझी आत्या मला सांगून बसलेली, हैदराबादच्या बायकांनी पान खाऊन नुसतं बघितलं तरी माणूस माघारी येत नाही. आत्या स्वतः परळीच्या पुढं कधी गेली नव्हती. पण मी मॅट्रिक पास असल्यामुळे मला तिचं म्हणणं पटलं.

पोळ्याची दुपार. तुम्ही चांद्या आणि तांब्याची शिंगं रंगवलीत, झुली घातल्यात, आणि हलगीमागं सगळे वेशीकडं गेले. सासूबाई बघायला पारापर्यंत. अंगणात लाल ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश तसाच पडलेला. मी पुरणाचे हात धुतले आणि डबा उचलला.

आता माझी अक्कल ऐका. गिटार विजेची, हे मला माहीत होतं. वायर काढलेली होती, तरी तिच्यात थोडा करंट साठून राहिला असेल असं मला वाटलं. म्हणून मी लाकडी पाट घेतला, पाटावर उभी राहिले, तुमच्या रबरी चपला घातल्या आणि ब्रशच्या दांडीला फडकं गुंडाळलं. अशा थाटात मी माझ्या नवऱ्याचं नशीब लाल रंगवलं. पोट, पाठ, शिंगं, खटके, सगळं. तारा तेवढ्या सोडल्या. तारांची मला जास्त भीती वाटत होती.

बैल मला कुठंच दिसला नव्हता हो. मला दिसत होती सकाळची गाडी. लाल बरबटलेली गिटार घेऊन कोण त्या सुटाबुटातल्या लोकांपुढं उभा राहील, एवढाच माझा डाव.

तुम्ही आलात. कपाळाला गुलाल. गिटारीकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत. मी अजून पाटावरच उभी.  तुम्ही म्हणालात, "खाली उतर. करंट न्हाई तिच्यात." मागं सासूबाई, त्यांच्या मागं निम्मी गल्ली. मला वाटलं, आता संपलं. आणि तुम्ही गिटार उचलून सगळ्यांना दाखवली. "शिंगं झ्याक रंगवली की! गोंडे कुठं हायेत?"

गल्ली हसली. सासूबाई डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसल्या. ती भोळ्या सुनेची गोष्ट तुम्हीच त्या क्षणी बनवलीत आणि माझ्या अंगावर पांघरुणासारखी टाकलीत. मी ती पन्नास वर्षं पांघरली.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी गेली. तुम्ही कामाचा सदरा घातलात आणि सायकलवर केजला गेलात. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. गिटार भिंतीवर गेली. संध्याकाळी कधी तुम्ही ती काढून वाजवायचात, पोटाशी धरून. मी वर्षभर तिला हात लावला नाही. पुसलीसुद्धा नाही.

पुढच्या पोळ्याला तुम्ही निळ्या रंगाचा डबा आणलात. गिटारीची मागची बाजू तुम्ही आधीच रंगवून वाळवून ठेवली होती. ब्रश माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "पाठ माझी, पोट तुझं." मला वाटलं तुम्ही मला माफ केलंय आणि ते सांगायची ही तुमची रीत आहे. तिसऱ्या पोळ्याला सगळीकडं पोपटी दिला. तिथून पुढं नुसती शिंगं, दर पोळ्याला एक रंग. ट्रॅक्टर आला, चांद्या-तांब्याच्या नंतरचे बैलही विकले गेले, गोठ्यात स्कूटर आली. गिटार तेवढी राहिली. घरातला शेवटचा बैल.

आणि तुम्ही किती लबाड होता, तेही आज लिहिते. आपलं भांडण पेटलं की तुम्ही बोलायचंच बंद करायचात. नुसतं भिंतीकडं बघायचात. झालं! मी मुकाट उठायचे आणि धपाट्याचं पीठ मळायला घ्यायचे. लेकाला कुठल्या शाळेत घालायचं, विहिरीला पैसे घालायचे की घराला, सगळीकडं तुमचा तो एक कटाक्ष जिंकला. शेवटी शेवटी तर लोणच्याच्या फोडी किती बारीक करायच्या, यालाही तुम्ही भिंतीकडं बघितलंत.

गेवराईच्या वेळी मात्र तुम्ही बघितलं नाहीत. हे मी मान्य करते. मुख्याध्यापिका म्हणून मला तिकडची शाळा मिळत होती. तिथंच खोली घेऊन राहावं लागलं असतं, शनिवारी घरी. मला जायचं होतं. लई जायचं होतं. तुम्ही म्हणालात, "तुझं तू ठरव." मी रात्रभर ठरवत बसले नाही. सकाळी खुर्चीत बसले, समोर गिटार होती. मला वाटलं, मी ह्या माणसाला जाऊ दिलं नाही. आता मी कुठल्या तोंडानं जाऊ? नकार लिहून दिला. तुम्ही विचारलंत, "कावून?" मी म्हटलं, "तिकडं गोदावरीचं पाणी बाधतं म्हणे." पुन्हा भोळी.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी तुमच्या उशाशी बसून म्हटलं, "त्या पोळ्याचं एक बोलायचं होतं." तुम्ही डोळे उघडलेत. तोंडावरची नळी बाजूला केलीत आणि म्हणालात, "घरी गेल्यावर बोलू." मी म्हटलं, बरं. अशा वेळी बरं म्हणणारी बाई मूर्खच म्हणायची. तुम्ही घरी आलात, पण बोलायला नाही.

तेराव्याला अजीजभाई आले होते. आता काठी घेऊन चालतात, पण कान तेच. गिटारीला बोटानं टिचकी मारून म्हणाले, "रंगानं आवाज दाबलाय भाभी. पन क्या करना, हा रंग निघत न्हाई."

मी म्हटलं, "तुम्हाला कसं ठाऊक?"

"यानंच सांगितलेलं. पोळ्याच्या आठ दिवसांनी माझ्या दुकानी आला. म्हन्ला, वार्निशवरचा ऑइलपेंट कसा काढायचा? मी ब्लेड दिला, तरकीब सांगितली. पार्टीवाले तिथून पंधरा दिवस थांबनार होते ना. चार रोजांनी परत आला तर बोलला, नइ निकलता यार, छोड. छोड बोलला तो छोड दिया."

अवं, त्या दिवशी मी जेवले नाही. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही रागानं नाही गेलात, नाहीतर लाजेनं. तुम्ही गपचूप रंग काढायला बसला होता, आणि माझा रंग निघाला नाही म्हणून तुमची ती वाट बंद झाली, हे मला ठाऊकच नव्हतं. मी अजीजभाईंना म्हटलं, "ती तरकीब मला शिकवा. तुमच्या दोस्ताला जमलं नाही ते मी करते. निघाला नाही तर दातांनी काढते."

ते म्हणाले, "भाभी, दात हायेत का?"

"चार हायेत. पुरतील."

तर तरकीब अशी. थिनर लावायचा नाही, तो वरच्या रंगासोबत खालचं पॉलिशही खातो. साधा दाढीचा ब्लेड घ्यायचा, त्याच्या दोन्ही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावायची, म्हणजे टोक लाकडात रुतत नाही. ब्लेड तिरका धरायचा आणि ढकलायचा नाही, आपल्याकडं ओढायचा. रंगाचा पापुद्रा उठला की नखानं उचलायचा. घाई केली की खालची कातडी गेली. अजीजभाईंनी खटके खोलून दिले, तारा काढल्या आणि आठ दिवसांनी येतो म्हणून गाडीत बसले.

मी अंगणात गोधडी पसरली आणि तुमच्या बैलाला आडवं घातलं. मोतीबिंदूच्या चष्म्याला वरून तुमचं भिंग बांधलं, तुम्ही बारीक तारा बघायला वापरायचात ते. हात थरथरतो ते बरंच, ब्लेड आपोआप चालतो. आधी शिंगं. केशरी निघाला, त्याच्याखाली गुलाबी, नात झाली त्या वर्षीचा. त्याच्याखाली चंदेरी, तुम्ही पत्र्याचा उरलेला रंग खपवला होता. एका थरात ब्रशाचा केस अडकलेला. एका थरात चक्क तिळाचा दाणा. एका जागी थर काळा निघाला आणि मला आठवेना काळा कधी दिला होता. मग आठवलं. सासूबाई गेल्या त्या साली, घरात सण नव्हता, तरी तुम्ही एकट्यानंच दोन बोटं ओढली होतीत. गयाबाई येऊन बघून गेली. म्हणाली, "बाई, मालक गेल्यावर बैलाची कातडी कशाला सोलता?"

चौथ्या दिवशी पोटाला हात घातला. पोपटी निघाला, निळा निघाला. मग लाल आला. माझा लाल. मी ब्लेड टेकवायला घाबरत होते. बाहेर ऊन होतं, रस्त्यानं शाळेची पोरं ओरडत चालली होती, आणि मी त्या लाल रंगाकडं बघत परत एकोणीस वर्षांची होऊन पाटावर उभी होते.

ओढला ब्लेड. लाल निघाला.

असा निघाला म्हणून सांगू, जशी उकडलेल्या बटाट्याची साल. दोन बोटांएवढा तुकडा, मग तळहाताएवढा. खाली जागच्या जागी ती करपलेली भाकरी, पिवळी, कडेला काळपट, चकचकीत. माझ्या डोक्याचं तेल! दर आठवड्याला तुम्ही चोरून लावलेलं खोबरेल पॉलिशवर बसलं होतं, म्हणून रंगानं धरच धरला नव्हता. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. एकटीच. मग खाली बसले, कारण तेव्हा डोक्यात आलं. इतका सहज निघतो, तर तुम्ही अजीजभाईंना 'निघत नाही' कसं म्हणालात?

मी गिटार पालथी घातली.

पाठीवरचा पोपटी काढला. निळा काढला. निळ्याच्या खाली लाल नव्हता.

मानेच्या खाली, दोन तळहात मावतील एवढ्या जागेत, निळ्याच्या खाली थेट पिवळं पॉलिश. त्या जागेच्या चहूबाजूंनी लाल होता, मध्ये नव्हता. आणि त्याची कड बघितली. आखूड आखूड, एकाच बाजूला ओढलेले तिरके घाव. तांब्याच्या तारेचं टोक जोडायच्या आधी तुम्ही तिच्यावरचं वार्निश असंच खरवडायचात, गुडघ्यावर फडकं टाकून. आयुष्यभर मी ते बघितलंय. तो हात मी अंधारातही ओळखला असता. पॉलिशवर तीन बारीक ओरखडे राहिलेत. सुरुवातीला तुमचा ब्लेड घसरला असणार.

म्हणजे तुम्ही बसलात. खरवडलंत. निघतोय हे बघितलंत. अजून दोन-तीन दिवसांचं काम होतं आणि हातात त्याहून जास्त दिवस होते. आणि तुम्ही थांबलात. पाठ भिंतीकडं करून गिटार टांगलीत, वाजवताना पोटाशी धरलीत, आणि पुढच्या पोळ्याला मी ब्रश घ्यायच्या आधी ती जागा निळ्यानं बुजवलीत. पाठ माझी, पोट तुझं.

मी अजीजभाईंना फोन केला. दुपारच्या गाडीनं आले. त्यांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला, दोनदा. "हात उसकाच हाय," म्हणाले. मग काठी बाजूला ठेवून म्हणाले, "झूट बोलला माझ्याशी."

मी चहा ठेवला. ते मला आत ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले, "भाभी, सच बोलू? पन्नास साल माझा तुमच्यावर राग होता. तुमच्या घरचा चहा पीत होतो आनि मनात म्हनत होतो, इस औरत ने उसका हात बांध दिया."

"आणि आता?"

"अब उसपे हाय."

"रांगेत उभं ऱ्हावा," मी म्हटलं. "माझा नंबर पहिला."

तर आता माझा नंबर. कावून सांगितलं नाहीत? मी तुम्हाला अडवलं असं समजून मी पन्नास वर्षं धपाटे थापले. बरं, धपाटे जाऊ द्या, ते मीही खाल्ले. पण गेवराई? मी ती ह्या भिंतीकडं बघून सोडली हो. तुम्ही एकदा, फक्त एकदा म्हणाला असता की रंग निघत होता, मीच राहिलो, तर मी ट्रंक भरून सकाळच्या जीपमध्ये बसले असते. तुम्ही विचारलंत 'कावून', मी गोदावरीच्या पाण्याचं सांगितलं, आणि तुम्ही, एवढा हुशार माणूस, ते मानलंत? की तुम्हाला कळलं होतं, आणि मी घरात राहतेय म्हणून तुम्हालाही बरं वाटलं? हे मला विचारायचंय. दुसरं काही नाही.

चार दिवस मी ह्यावर तुमच्याशी भांडले. भाकरी थापताना, झाडताना. तुम्ही नेहमीसारखे गप्प. पाचव्या दिवशी माझंच मला आठवलं. पोळ्यानंतर दोन महिन्यांनी तुम्ही मला घेऊन अंबाजोगाईला गेला होतात, शिक्षिकेच्या कोर्सला नाव घालायला. दोन वर्षं मी तिकडं राहिले, माझ्या मावशीकडं. सासूबाई म्हणाल्या, सून अशी बाहेर ठेवतेत का? तुम्ही म्हणालात, "येती की माघारी. कुठं जाती?" मी तेव्हा हसले होते. आज ते वाक्य आठवलं आणि तव्यावरची भाकरी करपली. ज्या पोरीचा बाप सुरतेहून आला नाही, तिला तुम्ही आधी स्वतः थांबून दाखवलंत, आणि मग तिला जायला सांगितलंत. असं होतं का हो? की तुम्हाला त्या पार्टीत जायचंच नव्हतं, मोठ्या स्टेजची धास्ती होती, आणि माझा रंग तुम्हाला फावला? तुम्ही दोन्ही असू शकता. मी तुम्हाला ओळखते आणि मला सांगता येत नाही. पन्नास वर्षं संसार करून मला एवढंही सांगता येत नाही, ह्याचं मला सगळ्यात जास्त रडू येतं.

मी माझं सांगून टाकते, म्हणजे निदान माझ्या बाजूनं काही राहायला नको. मला ती बैल वाटली नव्हती. तुम्ही जाऊ नये म्हणून मी ती रंगवली. चुकले. आणि तुम्ही गेला नाहीत, म्हणून मला आनंद झाला होता. त्या दिवशीही, आणि लाज वाटत असूनही नंतर रोज.

आता सगळी गिटार साफ झालीय. शिंगांच्या बेचक्यात थोडा लाल राहिलाय, तिथं ब्लेड पोचत नाही. अजीजभाईंनी नव्या तारा चढवल्या, तुमचा जुना अँप्लिफायर जोडला. आधी नुसती खरखर, मग एक तार छेडली तर गयाबाईची कोंबडी उडाली. तुम्ही हसला असता. त्यांना वाजवता येत नाही आणि मलाही नाही, म्हणून आम्ही दोघं मोकळ्या तारा छेडत बसलो, म्हातारी माणसं भाजी निवडत बसतात तसं. निघताना म्हणाले, "पाठीवरचे तीन ओरखडे घासून काढतो. समझेगा नइ कुणाला." मी म्हटलं, "हात लावाल तर काठी काढून घेईन."

परवा पोळा आहे. यंदा घरात सण नाही. तरी सकाळी मी हात धुऊन माझी खोबरेलची बाटली घेतली, बोटावर दोन थेंब घेतले आणि त्या तीन ओरखड्यांना लावले. बाटली माझी होती, तरी चोरल्यासारखं वाटलं.

मग गिटार परत खिळ्याला टांगली, मीटरच्या बोर्डाशेजारी. पण तोंड भिंतीकडं केलंय आणि पाठ बाहेर. सकाळी खुर्चीत बसले की तुमची ती दोन तळहातांची जागा बरोबर समोर येते. तुम्हाला काही बोलायचं असेल तर मी तिथं बसलेली असते.

गयाबाई आताच डोकावून गेली. म्हणाली, "बाई, उलटी टांगली की तुमी ती." मी म्हटलं, "व्हय का?" आणि पदर तोंडाला लावून हसले. संध्याकाळपर्यंत गल्लीत होईल, की म्हातारीला एवढ्या वर्षांनीसुद्धा गिटारीची पुढची-मागची बाजू कळत नाही. होऊ द्या.